हिंगाचा वास की गॅसचा?

वाचकांचे प्रश्न : चाकांवरचं घर

उन्हाळा तोंडावर आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. आरव्ही, म्हणजे शेगडी-फ्रीज-पलंगासकट चालतं घर, भाड्यानं घ्यायची आहे, सगळं कळलं, फक्त त्या गॅसची धास्ती वाटते. नव्या वाचकांसाठी सांगतो, माझ्या वडिलांची इचलकरंजीत गॅस एजन्सी होती. सिलिंडरचं सील काढून तोंडात पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि बुडबुडा येतो का बघायचा, हे मी सातवीतच शिकलो. गेली सतरा वर्षं इंडियानातल्या एल्कहार्टजवळ आरव्ही दुरुस्तीच्या शॉपमध्ये आहे. म्हणजे गाव बदललं, धंदा तोच राहिला. यावेळी पाच पत्रं घेतो.

प्रश्न : जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत. आठ दिवसांसाठी २८ फुटी आरव्ही भाड्यानं घेतोय. आधी वॉशिंग्टन, मग व्हर्जिनियातलं शेनांडोआ नॅशनल पार्क. नवरा म्हणतो, फ्रीज गॅसवर चालू ठेवूनच गाडी चालवायची, सगळे तसंच करतात. मला खाली ज्योत पेटलेली असताना हायवेवर जायचं म्हणजे पोटात गोळा येतो. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमचं. आणि यजमानांचंही एक खरं आहे, की बरेच लोक तसंच करतात. माझ्याच शॉपमधले दोघं करतात आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी वाद घालतात.

आधी भानगड काय आहे ते सांगतो. आरव्हीतले जुन्या पद्धतीचे फ्रीज विजेवरही चालतात आणि गॅसवरही. गॅसवर असताना फ्रीजच्या पाठीमागे बोटाएवढी ज्योत पेटलेली असते आणि तिच्या उष्णतेवर आतलं अमोनियाचं मिश्रण फिरून थंडी तयार होते. आग लावून बर्फ करायचा, असा हा उफराटा कारभार. पण याचा अर्थ गाडी धावत असताना टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आहे आणि तिथून फ्रीजपर्यंतची नळी गॅसनं भरलेली आहे. टायर फुटला आणि त्याच्या पट्ट्यानं खालची नळी फाडली, तर? टाकीच्या तोंडाशी जास्तीचा प्रवाह अडवणारी झडप असते हे खरं, पण नळी साफ तुटली तरच ती बंद होते. बारीक चीर गेली, तर तिला वाटतं कोणीतरी शेगडीच पेटवली आहे.

फ्रीज आदल्या रात्री कँपमध्ये विजेवर नीट गार करून घ्या, वरच्या कप्प्यात बर्फाच्या दोन बाटल्या ठेवा, आणि वाटेत मुलांना दार उघडू देऊ नका. सहा तास दूध नासत नाही. निघण्यापूर्वी बाहेर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह हातानं बंद करायचा. आतला स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही. तुमच्या गाडीत बॅटरीवर चालणारा नवा कॉम्प्रेसरवाला फ्रीज निघाला, तर हा वादच मिटला. भाड्यानं देणाऱ्याला आत्ताच फोन करून विचारा.

व्हॉल्व्ह बंद ठेवण्याचा दुसरा फायदा पेट्रोल पंपावर. आपण उतरून नळी लावतो तेव्हा पंपाभोवती पेट्रोलची वाफ असते आणि फ्रीजची ज्योत तिथून चार हातांवर, गाडीच्या कुशीत. शिवाय फ्रीज, वॉटर हीटर, फर्नेस (गाडी आतून गरम ठेवणारी भट्टी) ही सगळी मंडळी आपली आपण ठिणगी टाकतात, तुम्हाला विचारत नाहीत. पंपावर पोचल्यावर आठवून उपयोग नाही. आधीच बंद हवं.

आता रस्ता. ९५ नंबरच्या हायवेनं वॉशिंग्टनला जाताना बाल्टिमोर लागतं आणि तिथे बंदराखालून दोन बोगदे जातात, फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर टनेल. १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची, म्हणजे आरव्हीतल्या याच गॅसची, टाकी असलेल्या गाडीला दोन्हींत मज्जाव आहे, आणि तुमच्या आरव्हीची टाकी त्याहून कितीतरी मोठी असणार. व्हॉल्व्ह बंद आहे म्हणून सोडत नाहीत. पूर्वी आम्ही लोकांना सांगायचो, बाल्टिमोरभोवतीचा ६९५ नंबरचा रिंग रोड घ्या आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जा. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून पडला. त्यामुळे आता ६९५ च्या पश्चिमेच्या अंगानं वळसा घालायचा. फोनमधला नकाशा तुम्हाला मोटारच समजतो आणि खुशाल बोगद्याकडे वळवतो, हे ध्यानात ठेवा. वॉशिंग्टन नंतर केलं तरी चालत असेल, तर ७८ आणि ८१ नंबरच्या हायवेनं डोंगराच्या बाजूनं सरळ शेनांडोआला जा. हिरवागार रस्ता आहे आणि ही कटकट नाही. तिथे पार्कातल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावर मेरीज रॉकचा बोगदा लागेल. त्याला गॅसचं वावडं नाही, पण उंची १२ फूट ८ इंच आहे. छपरावरच्या एसीसकट तुमची गाडी किती उंच, ते विचारून डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवा.

गाडी ताब्यात घेताना देणारा माणूस घाईत असतो. किल्ली देऊन मोकळा होऊ बघतो. त्याला टाकीचा व्हॉल्व्ह दाखवायला लावा आणि तुम्ही दोघांनी आणि बाबांनीही तो स्वतःच्या हातानं एकदा बंद-उघड करा. उघडताना सावकाश. झटक्यात उघडला तर जास्तीचा प्रवाह अडवणारी ती झडप खाडकन बंद होते आणि मग तुम्ही अर्धा तास ‘शेगडी मंद का जळते’ म्हणून डोकं खाजवत बसता. बंद करा, मिनिटभर थांबा, हळू उघडा. सुटते.

प्रश्न : आमच्या गाडीत स्वयंपाक करताना मधूनच गॅससारखा वास येतो. सासूबाई म्हणतात हिंगाचा आहे. गॅसचा अलार्म तर वाजत नाही. मी उगीच घाबरते का?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

तुमचं पत्र वाचून मला घाम फुटला, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे.

प्रोपेनला स्वतःचा वास नाही. कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा गंधकाचा उग्र पदार्थ मिसळतात. हिंगाचा उग्रपणाही गंधकाच्याच नातेवाइकांचा. त्यामुळे नाक फसतं, त्यात नाकाचा दोष नाही.

सहा वर्षांपूर्वी आईला घेऊन आम्ही मिशिगनमध्ये तळ्याकाठी पाच दिवस मुक्काम ठोकला होता. आईनं इचलकरंजीहून खडा हिंग आणला होता. बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती, गॅसचा वास येतोय. मी या कामातला माणूस! सांगितलं, अगं हिंग आहे, डबा बाहेर ठेव. डबा बाहेर ठेवला. वास येतच होता. म्हटलं, मुरलाय. तिसऱ्या दिवशी सकाळी आई खाली उकिडवी बसून, आमच्याकडच्या सवयीनं, आखूड झाडूनं केर काढत होती. तिथूनच म्हणाली, “अरे, खाली लई वास मारतोय रे. वर नाही, इथं खाली.”

मी गार झालो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. उभ्या माणसाच्या नाकाला जरासा येतो, पण पायाशी साचलेला असतो. आम्ही तिघं उभे राहून वाद घालत होतो आणि वाकली ती एकटी आई.

बायकोनं आईला आणि पोराला बाहेर नेलं, मी टाकी बंद केली, दार सताड उघडं ठेवलं. तासाभरानं गॅस पुन्हा सोडून वाटीत भांड्याच्या साबणाचा फेस केला आणि पोराच्या रंगाच्या ब्रशनं एकेका जोडावर लावत गेलो. शेगडीखालचा ड्रॉवर काढला की मागे तांब्याची नळी शेगडीला मिळते. तिथल्या पितळी नटावर फेस लावला. आधी काहीच नाही. मग कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा धरला, भिजलेल्या साबुदाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा मोहरीएवढा. हजारो मैल खड्डे खाऊन नट पाव आटा सैल झाला होता. दोन पाने लावून आवळला. एका पान्यानं आवळू नका, मागची नळीच पिळवटते.

आणि अलार्म? तो का नाही वाजला? त्याच्या पाठीवरची तारीख बघितली तर अकरा वर्षांपूर्वीची. या अलार्मचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं, किती ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. त्यानंतर हिरवा दिवा लागत राहिला तरी आतला डोळा मिटलेला असू शकतो. लोकांच्या गाड्यांतले शेकडो बदलले, माझ्याच गाडीतला तसाच. दिव्याखाली अंधार.

तेव्हा तुम्ही उगीच घाबरत नाही. आज एवढं करा. हिंगाचा डबा, कांदा-लसूण, सगळं गाडीबाहेर काढा. गॅस बंद करून दार-खिडक्या तासभर उघड्या ठेवा. मग दार लावा, टाकी उघडा, शेगडी पेटवू नका, आणि अर्ध्या तासानं आत येऊन गुडघ्यांवर बसून शेगडीखाली, सोफ्याखाली वास घ्या. आला, तर टाकी बंद करून मेकॅनिक गाठा. नटाला स्वतः हात लावायचा की नाही, ते तुमचा हात किती बसला आहे त्यावर. साबणाच्या फेसाची परीक्षा मात्र कोणीही करावी. फक्त साबणात अमोनिया किंवा ब्लीच नको, त्यानं पितळेला बारीक चिरा जातात. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

वास भपकन आला किंवा अलार्म किंचाळला, तर पेटलेली शेगडी बंद करायची आणि सगळ्यांनी बाहेर. दिव्याचं बटण दाबायचं नाही, ना लावायला ना बंद करायला. छतातला पंखा तर मुळीच नाही. त्याच्या मोटरची ठिणगी पडते, आणि गॅस खाली बसलेला असताना तो छतातून खेचून फारसं निघतही नाही. जाताना दार उघडं टाकायचं, ते जमिनीपर्यंत असतं, गॅस पायऱ्यांवरून ओघळून जातो. बाहेरून टाकी बंद, आणि लांब जाऊन मग फोन. हवेत गॅस २.१ ते ९.५ टक्के असला की ठिणगीला पुरतो, आणि आरव्हीचं घर आपल्या एका खोलीएवढंसुद्धा नसतं.

तुमच्या सासूबाईंना एकदा विचारा, कोविडनंतर वास नीट येतो का. अनेकांचा गेला तो पुरता परतलाच नाही, आणि वयानंही नाक मंदावतं. अलार्मची तारीख मी सांगतोय म्हणून नको, त्यासाठी बघा. आणखी एक, हा अलार्म बहुतेक गाड्यांत गाडीच्या बॅटरीवर चालतो. बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला की तोही झोपतो.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मिनेसोटात उत्तरेकडे जाणार आहोत. फर्नेस फार गॅस खाते. रात्री शेगडीचा एक बर्नर बारीक ठेवून झोपलं तर चालेल का? खिडकी थोडी उघडी ठेवू.
— एक वाचक, रॉचेस्टर, मिनेसोटा

नाही.

फर्नेस बाहेरची हवा घेते आणि जळलेली हवा बाहेरच टाकते. मध्ये पत्र्याची भिंत आहे. शेगडी तुमच्याच श्वासाची हवा जाळते आणि धूर तुमच्याच अंगावर सोडते. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यात मर्कॅप्टनसारखं काही मिसळायची सोय नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. थंडीत माणसाला वाटतं सर्दी-पडसं झालंय, नि तो आणखी पांघरूण ओढतो. फ्लूसारखं वाटतंय, ताप नाही, आणि गाडीतल्या दोघा-तिघांना एकदम वाटतंय, तर औषध शोधू नका, बाहेर पडा. त्याचा अलार्म वेगळा असतो किंवा दोन्ही एकाच डबीत असतात. तुमच्याकडे काय आहे ते आज बघा. शेजाऱ्याचा जनरेटर तुमच्या खिडकीखाली धडधडत असेल तर त्याचाही धूर आत येतो, जरा भांडायला लागलं तरी चालेल.

गॅसच्या खर्चाचं म्हणाल तर ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस अखंड चालली तर तीन तासांत एक गॅलन पिते. पण ती अखंड चालत नाही. छतातल्या झरोक्याला उशी लावा, पुढच्या काचेला आणि ड्रायव्हरच्या केबिनला जाड पडदा लावा, आणि वीज असलेल्या कँपमध्ये इलेक्ट्रिक हीटर. बराच गॅस तिथेच वाचतो.

जायच्या आधी फर्नेसच्या बाहेरच्या धुराड्यात टॉर्च मारून बघा. आपल्याकडची कुंभारीण माशी आठवते ना, भिंतीवर चिखलाची घरटी करणारी? तिच्या इथल्या बहिणी या धुराड्यांत आणि रेग्युलेटरच्या भोकात उन्हाळाभर घरटी करतात. कोळी तर बर्नरच्या नळीत जाळं विणतात. निळी ज्योत पिवळी पडली, भांडं काळं व्हायला लागलं, की मी आधी जाळं शोधतो. बरेचदा तेच निघतं.

प्रश्न : टाकी भरायला दिली की काटा पाऊणच्या जरा पुढे थांबतो. पैसे पूर्ण घेतात. फसवतात का?
— एक वाचक, प्लेनो, टेक्सास

नाही हो. ८० टक्क्यांवर थांबायचं असतं. आत द्रव असतो, ऊन लागलं की तो फुगतो आणि त्याला जागा हवी. टेक्ससच्या जुलैत तर हवीच. पैसे गॅलनवर घेतले असतील तर पावतीवरचे गॅलन बघा, काट्यावर जाऊ नका. तो काटा तसाही अंदाजपंचे असतो.

प्रश्न : जुनी व्हॅन घेऊन कँपर करतोय. पलंगाखाली घरातला १४.२ किलोचा सिलिंडर बसवायचा विचार आहे. पुढच्या वर्षी स्पितीला जायचंय. अमेरिकेसारखी सिस्टीम इथे कशी करू?
— एक वाचक, पुणे

पलंगाखाली सिलिंडर ठेवून त्यावर झोपणार? वडील असते तर त्यांनी कनेक्शनच काढून घेतलं असतं!

घरगुती सिलिंडर घरासाठी आहे, गाडीत नेऊन वापरणं नियमात बसत नाही. ओळखपत्रावर मिळणारी पाच किलोची छोटी टाकी घ्या. ती ठेवायला वेगळा कप्पा हवा, ज्याचं दार गाडीच्या बाहेर उघडतं आणि आतल्या बाजूला एक फटही नाही. जिथून पाइप आत येतो ते भोकसुद्धा रबर घालून बुजवायचं. कप्प्याच्या तळाला मात्र भोकं पाहिजेत, थेट रस्त्याकडे उघडणारी. वर पाडलेली भोकं शोभेची. टाकी उभीच, पट्ट्यानं करकचून. आडवी टाकली तर वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये येतो आणि शेगडीतून फूटभर भडका उठतो. कप्प्यापासून शेगडीपर्यंत तांब्याची नळी, शेवटच्या हातभर अंतराला तो नारिंगी सुरक्षा पाइप. फॅब्रिकेटर म्हणेल, एवढं कशाला, साधा रबरी पाइप टाकून देतो. त्याला चहा पाजा आणि पैसे देऊ नका.

टाकी घेताना वरच्या पट्टीवर अक्षर आणि आकडा असतो, तो वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत तिची तपासणी चालते, तारीख उलटून गेलेली टाकी परत करा. सील काढल्यावर आतला वायसर आहे का बघा, आणि पाण्याचे थेंब टाका. हे अजूनही तेवढंच चालतं.

स्पितीचं वेगळं, तिथे थंडी कडाक्याची. अमेरिकेत आरव्हीत भरतात तो जवळजवळ निव्वळ प्रोपेन, तो उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही भरपूर, आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच हात टेकतो. त्यातही गंमत अशी की टाकीतून प्रोपेन आधी उडून जातो. म्हणून भरलेली टाकी स्पितीतल्या काझा गावात पहिल्या सकाळी चहा करून देते आणि अर्धी झालेली रुसते. तेव्हा लोक टाकीला स्टोव्ह दाखवतात. असलं काही करू नका. हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यानं भिजवलेलं फडकं गुंडाळा, तेवढं पुरतं.

खरं सांगू का, तुमच्या जागी मी असतो तर छपरावर सोलर, खाली चांगली लिथियम बॅटरी आणि इंडक्शन बसवून गॅसचा नाद सोडला असता, आणि आणीबाणीला ती छोटी टाकी गाडीबाहेर मांडून चहा केला असता. पण कुकरची शिट्टी हवी म्हणून तुम्ही गॅसच बसवणार, हे तुमच्या पत्रावरून दिसतंय. मग कप्पा झाल्यावर फोटो पाठवा. रंगरंगोटीचे नकोत, खाली आडवं पडून काढलेले, तळाची भोकं दिसतील असे.